डाव्या गालावरचा तीळ

७ जानेवारी

चि. मेव्हणीबाईंस,

अनेक आशीर्वाद. तुला नातवंडं झाली तरी मी चि.च लिहिणार, तेव्हा नाक मुरडू नकोस.

पत्राचं कारण हसण्यासारखं आहे. फोनवरच विचारणार होतो, पण कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू एका दमात बोलतेस. दोघांच्या मधे माझा जीव जातो. तर, तुझी ताई ती धुक्यातल्या माणसाची मालिका बघायची ना, ती मी बघायला लागलोय. हो, मीच. टीव्ही दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि एक मालिका धड बघितली नाही, तो मी. रोज संध्याकाळी साडेसहाला पाय वर घेऊन बसतो.

तिला जाऊन वर्ष होत आलं आणि ही मालिका अजून चालूच आहे, याचा मला आधी राग आला होता. माणूस जातं आणि मालिका जात नाही, हा कुठला न्याय? मग एक दिवस सहज लावली आणि तिच्या जागेवर बसून बघत राहिलो. आता ऐकतो की दीड महिन्यात संपणार आहे. तिला शेवट बघायला मिळाला नाही, निदान मी बघतो. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कोण कोणाची कोण? मागची गोष्ट तू सांग. तुम्ही दोघी रोज फोनवर त्याचाच काथ्याकूट करायचात, हे मला माहीत आहे.

आणि एक खरं सांगतो. मला नुसती गोष्ट नकोय. तिला त्या नायकात असं काय सापडत होतं, जे घरात नव्हतं, ते मला कळायला हवं. या वयात हे विचारायला लाज वाटते, म्हणून पत्रात विचारतो.

दुकान रिकामं करायचं चाललंय. लेक म्हणते, बाबा, आता तिथे काय उरलंय, माझ्याकडे राहायला या. जाईन म्हणतो. साडूंना नमस्कार.

तुझा भावोजी

१४ जानेवारी

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार. कारण हसण्यासारखं आहे म्हणालात म्हणून मी तोंडावर टॉवेल धरून हसले. तुम्ही आणि मालिका! आमच्या ह्यांना पत्र वाचून दाखवलं तर म्हणतात, “बिचारा! चांगला बातम्या बघणारा माणूस होता.”

गोष्ट ऐका. नायिका वाचनालयात काम करते. एका संध्याकाळी धुकं पडतं आणि पुस्तकांच्या कपाटामागून तो येतो. तो फार जुन्या काळातला आहे, त्याला शाप आहे, आणि तो फक्त तिलाच दिसतो. बाकीच्यांना ती एकटीच बडबडताना दिसते, म्हणून तिची भावजय तिला वेडी ठरवायच्या मागे लागली आहे. नायिकेने त्याच्यासाठी सगळं सोडायची तयारी दाखवली तर शाप सुटेल, पण हे तो तिला सांगू शकत नाही. सांगितलं की तो विरून जाणार. झालं. एवढ्यावर त्यांनी पाच वर्षं काढली. मधे एक जुळी बहीण आली, ती कुठे गेली ते विचारू नका, कुणालाच माहीत नाही.

तुम्ही शंका काढणार हे मला ठाऊक आहे. काढू नका. मी दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते. दुसऱ्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरी, दुसऱ्यांच्या चादरी, वाफेने तोंड शिजलेलं. संध्याकाळी पाय बादलीत सोडून बसलं की मला खरा माणूस नको असतो हो. खरा माणूस घरात आहे, तो घोरतो. मला धुक्यातून येणाराच हवा. जे दिवसभर समोर असतं तेच पुन्हा पडद्यावर कशाला बघायचं?

ताईलाही फार आवडायची मालिका. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन, आता चादरींचा ढीग पडला आहे.

आपली मेव्हणी

२३ जानेवारी

चि. मेव्हणीबाईंस,

शंका काढू नका म्हणालीस, म्हणून मोजक्याच काढतो. तो धुक्यातून भिजून येतो आणि त्याचे केस कोरडे कसे? तो कुणाला दिसत नाही, तर त्याचा अंगरखा कोण धुतं? हा तुझ्या धंद्यातला प्रश्न आहे, उत्तर दे. शापित माणूस आहे, पण रोज नवा अंगरखा, आणि इस्त्री अशी कडक की तूही तोंडात बोट घालशील. आणि ती दोघं एकमेकांकडे बघतात तेव्हा वारा कुठून सुटतो? खिडक्या तर बंद असतात. मी आणि तुझ्या ताईने सगळा संसार एकमेकांकडे बघत काढला, पंखा लावल्याशिवाय घरातला कागद हलला नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप बोलण्यावर आहे. “तुझ्यासाठी मी हजार वर्षं वाट बघितली.” अरे, बघितलीस ना, मग आता आलायस तर तिच्या हातातलं पुस्तकांचं ओझं घे! पाच वर्षांत त्याने तिला एकदाही “जेवलीस का” असं विचारलेलं नाही. विचारलं असेल तर भाग कळव, मी माफी मागतो.

पण काल एक मात्र पटलं. भर बाजारात ती त्याच्याशी बोलते आहे, लोक हसताहेत, आणि ती म्हणते, “तुम्हाला दिसत नाही, त्याला मी काय करू? मला दिसतो.” मी कानातलं यंत्र काढून ठेवलं, पुढचं ऐकलंच नाही.

तुला माझं दुकान आठवतं ना? टीव्ही दुरुस्त करणारा कायम संचाच्या पाठीशी बसतो. मागचं झाकण उघडून डोकं आत. पुढे चित्र कसं आलं ते बघायला समोर एक आरसा टेकवून ठेवायचा आणि संचावरून त्यात बघत बघत हात चालवायचा. त्यामुळे मी जगातलं सगळं उलटं बघितलं. सगळे नायक डावखुरे, सगळी अक्षरं उलटी. आणि तुझी ताई रोज संध्याकाळी थर्मास घेऊन यायची, मला चहा द्यायची, दाराजवळच्या स्टुलावर बसायची आणि हीच मालिका बघायची. तीही दुरुस्तीला आलेल्या संचावर! निम्म्या वेळा मुंग्या, निम्म्या वेळा चित्र वर वर धावतंय. मी एकदा म्हटलं, “अगं, घरी चांगला संच आहे, इथे कशाला डोळे फोडून घेतेस?” म्हणाली, “तुम्ही आपलं काम करा.” एकदा तो नायक मरायला टेकला होता, पडद्यावर रडारड चालली होती, आणि ही खुदकन हसली. मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर मी जेवायचो, पेपर वाचायचो, झोपायचो. हजार वर्षं वाट बघितली वगैरे मला कधी बोलता आलं नाही. आता वाटतं, तिला ते ऐकायला हवं असेल. म्हणून ती रोज त्या धुक्यातल्या माणसाकडे जायची, आणि मधे मी बसलेला असायचो, हातात तारा जोडायचं सोल्डर घेऊन. तू तिच्या पाठची बहीण. तिने तुला सांगितलंच असेल. काय म्हणायची ती त्याच्याबद्दल? माझ्या मनाची पर्वा करू नकोस.

तुझा भावोजी

१ फेब्रुवारी

ती. भावोजींस,

सा. नमस्कार. अंगरख्याचं उत्तर: शापित माणसाला घाम येत नाही. संपलं.

तुम्ही उगाच नको ते मनात घेऊन बसता. बायका मालिका बघतात म्हणजे नवऱ्यावर नाराज असतात असं असतं, तर या गावात एक संसार टिकला नसता. मीही बघते की! म्हणून मी आमच्या ह्यांना टाकलं का? फार तर वर्षातून दोनदा मनात येतं.

ताईला मालिका आवडायची ती गोष्ट म्हणून. ती म्हणायची, नायिकेचं घर छान आहे. गाणी छान आहेत. आणि नायक, आता दिसायला बरा आहे, हे कोण नाकारेल? त्याच्या उजव्या गालावरचा तो तीळ आम्हा दोघींना फार आवडायचा. ताई म्हणायची, तिळामुळे तो खरा वाटतो. बस, एवढंच. त्यात दुसरं काही नव्हतं.

तुम्ही मालिका बघा, वेळेवर जेवा, आणि दुकान लवकर आवरा. इथे इस्त्रीची वायर जळाली आणि मला तुमची आठवण आली. ताईची तर रोजच येते. दुपारी तीन वाजले की अजून माझा हात फोनकडे जातो.

आपली मेव्हणी

८ फेब्रुवारी

चि. मेव्हणीबाईंस,

तू लहानपणापासून खोटं बोलायला कच्ची आहेस. तुझी ताईच सांगायची, साखर खाल्लीस की ओठ पुसायला विसरायचीस.

मीही तिला एकदा विचारलं होतं, एवढं काय आहे गं त्या नायकात? ती हसून म्हणाली होती, “डाव्या गालावरचा तीळ.” डाव्या. मला पक्कं आठवतं, कारण मीही त्याला डावाच समजत होतो. आता पुढून बघायला लागल्यावर पहिल्याच दिवशी चमकलो. तीळ उजव्या गालावर आहे. मी आरशात बघायचो, म्हणून मला डावा दिसायचा, हे ठीक. पण ती तर दाराशी, पडद्यासमोर बसायची. तिला डावा कसा दिसला?

आणि दुपारी तीनला फोन कसला? मालिका साडेसहाला असते. झालेल्या भागाची चर्चा करायची तर ती रात्रीच केली असती ना दोघींनी? दुसऱ्या दिवशी दुपारी, ती दुकानात यायच्या आधी, तुम्ही काय बोलत होतात?

मी यंत्राच्या आत बघणारा माणूस आहे. एक जोड सुटलेला दिसला की तो सापडेपर्यंत मला झोप लागत नाही. मालिका महिनाअखेरीला संपते आहे. दुकानातलं सगळं रविवारी भंगारवाला नेणार: संच, तारा, ते लोखंडी कपाट, आरसा, सगळं. त्यानंतर मी लेकीकडे जाईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. त्याआधी जे असेल ते सांग. वाईट असलं तरी चालेल.

तुझा भावोजी

१२ फेब्रुवारी

भावोजी,

पत्र मिळालं तशी इस्त्री बंद करून लिहायला बसले आहे. फोन करून बघितला, पण तुमच्या यंत्राच्या शिट्टीत तुम्हाला काही ऐकू जाईना. आधी हे वाचा: आरसा देऊ नका. बाकी काय द्यायचं ते द्या.

ताईने मला शपथ घातली होती. ती गेली तरी शपथ असतेच, असं मी धरून चालले होते. शिवाय तुम्ही तिची मालिका म्हणून इतक्या मायेने बघायला बसता. ती मालिका तिची नव्हतीच, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

भावोजी, ताईने ती मालिका कधी बघितलीच नाही. ती माझी मालिका. मी बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ताईचा फोन यायचा, “काल काय झालं गं? लवकर सांग. ह्यांनी विचारलं तर सांगता यायला हवं.” मी जुळ्या बहिणीचं सांगत असले की म्हणायची, पुरे पुरे, एवढं कोण विचारणार आहे. सगळ्या मालिकेतलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं एकच, तो तीळ. तोही डाव्या गालावर.

तुम्ही चहा पिऊन संचात डोकं घातलंत की ती स्टूल उचलून हळूच कपाटाशी सरकायची. तिथून पडदा दिसत नाही. तिथून तुमचा आरसा दिसतो, आणि आरशात तुम्ही.

मी तिला खूप चिडवलं. म्हटलं, “अगं बाई, घरी आहेत की अख्खे. तिथे बघ ना, फुकट!” म्हणाली, “घरी बघितलं की ते मान खाली घालतात. विचारतात, काय झालं, भाजीत मीठ कमी आहे का? तिथे त्यांना माहीत नसतं.” म्हणायची, मुंग्या मुंग्या असतात आणि एकदम चित्र लागतं, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळतो की बस. रोज नवा संच, रोज तेच, आणि तरी रोज पहिल्यांदा लागल्यासारखा आनंद. सोल्डर लावताना तुम्ही जिभेचं टोक बाहेर काढता म्हणे, लहान मूल चित्र काढताना काढतं तसं. नायक मरत होता तेव्हा ती हसली ती त्यावर. नायक मरतोय हे तिला कुठे माहीत होतं? दुसऱ्या दिवशी मी सांगितलं तेव्हा कळलं.

मी म्हणायचे, त्यांना सांग तरी. तर म्हणाली, “वेडी आहेस का? कळलं तर फोटो काढायला बसल्यासारखे बसतील. मग काय बघू?” म्हणून शपथ.

तुम्ही विचारलंत, तिला त्या नायकात काय सापडत होतं. काही नाही. तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. धुक्यातला माणूस मला लागतो, भावोजी. माझ्या ताईला लागला नाही.

हे पत्र रविवारच्या आत पोचो.

मेव्हणी

१ मार्च

चि. मेव्हणीबाईंस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र रविवारच्या आत पोचलं नाही. मंगळवारी आलं.

भंगारवाला येऊन गेला होता; मी त्याला नुसती किल्ली दिली होती, स्वतः गेलो नव्हतो. पत्र वाचलं आणि मी चपला न घालताच दुकानाकडे गेलो, जिना कसा उतरलो ते आठवत नाही. कुलूप उघडलं. एक सोडून सगळे संच गेले होते, तारा गेल्या होत्या, कपाट गेलं होतं. आरसा भिंतीला टेकून जागेवर होता. मी त्या माणसाला नंतर रस्त्यात गाठून विचारलं, हा कसा सोडलास? तर म्हणाला, “काका, आम्हाला तांबं लागतं, लोखंड लागतं. काच घेऊन काय करू? आणि ते लाकडी स्टूलही तुम्हीच ठेवा, त्याचं काही येत नाही.”

कपाट गेल्यावर त्याच्या बाजूच्या फरशीवर उजेड पडला होता. तिथे चार डाग आहेत, स्टुलाच्या चार पायांचे, घासून घासून खोल गेलेले. रोज झाडू मारत होतो मी तिथे.

एक संच मी दिला नव्हता. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं आणि न्यायला आलंच नाही, तो. काल मालिकेचा शेवटचा भाग होता. संध्याकाळी मी थर्मास भरून घेतला आणि दुकानात गेलो. तो संच टेबलावर ठेवला, पाठ माझ्या खुर्चीकडे. समोर आरसा लावला, नेहमीच्या कोनात. तो कोन हाताला पाठ आहे. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्टुलावर जाऊन बसलो, स्टुलाचे पाय बरोबर त्या डागांवर ठेवून.

तू म्हणतेस ते खरं आहे. तिथून पडदा दिसत नाही. आरसा दिसतो, त्यात पडद्याचा वरचा कोपरा, एखादा गाल मावेल एवढा, आणि त्याच्यावर माझी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर माझा जुना स्वेटर अडकवलेला होता. पडद्याच्या उजेडाने तो मधेच निळा व्हायचा, मधेच पिवळा. असा मी दिसत होतो तिला.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि तिथेच रडलो. तू लहान आहेस, तरी तुझ्याजवळ लपवत नाही. आरशाचा एक नियम आहे, आमच्या धंद्यात तो सगळ्यांना माहीत असतो. आरशातून ज्याला मी दिसतो, तो मला दिसतो. म्हणजे इतकी वर्षं ती त्या आरशात होती. रोज. मी नजर जराशी उचलली असती, तर आमची नजरानजर झाली असती. वारा सुटला असता की नाही कोण जाणे. पण मी मुंग्या बघत होतो.

पण वाईट वाटून घेतलं नाही, खरंच. नजरानजर झाली असती तर ती लाजून पुन्हा दाराशी जाऊन बसली असती आणि मी फोटोतल्यासारखा झालो असतो. ती म्हणाली ते बरोबरच. मालिकांबद्दल मी जे जे बोललो ते मागे घेतो. जगाला दिसत नाही आणि एकीलाच दिसतो, असा माणूस असू शकतो. त्याचा अंगरखा कोण धुतं तेही मला आता ठाऊक आहे.

उद्या लेकीकडे जातोय. सामानात आरसा आणि स्टूल आहे. लेक म्हणाली, बाबा, आमच्याकडे आरसे आहेत. मी म्हटलं, असू दे.

तुझ्या इस्त्रीची वायर बाहेर कुणाकडून बदलून घेऊ नकोस. येईन तेव्हा मी लावून देतो.

एकच काम कर. काल शेवटी काय झालं, शाप सुटला का, ते सगळं नीट लिहून कळव. मी पूर्णवेळ तिथे बसलो होतो, पण बघितलं नाही. लेकीने विचारलं तर सांगता यायला हवं.

तुझा भावोजी